‘कॅम्ब्रिया’ची मालकी आणि जीर्णोद्धार: जुनी बार्ज जुनी कशावरून?

प्रश्न: टेम्स नदीवरील ‘कॅम्ब्रिया’ ही शिडाची बार्ज (सपाट तळाची मालवाहू नौका) 1906 साली ग्रीनहाइद येथे बांधली गेली. अलीकडच्या जीर्णोद्धारात तिचे बरेचसे लाकूड नवे घातले गेले आणि मालकही अनेकदा बदलले, तर तिला 1906 चीच बार्ज कोणत्या आधारावर म्हणायचे?

प्रतिसाद 1: मालकीची साखळी कुठेच तुटलेली नाही. बांधणाऱ्या एव्हरार्ड घराण्याच्या कंपनीकडेच ती साठ वर्षे होती. 1966 मध्ये तिचे कप्तान बॉब रॉबर्ट्स यांनी ती विकत घेतली आणि 1970 पर्यंत इंजिनाशिवाय, केवळ शिडांवर मालवाहतूक केली. असे करणारी ती ब्रिटनमधील शेवटची बार्ज. पुढे ती जुनी जहाजे जपणाऱ्या मेरीटाइम ट्रस्टकडे गेली आणि 1996 मध्ये कॅम्ब्रिया ट्रस्टने नाममात्र एका पौंडात ताब्यात घेतली. मला हा एक पौंड फार बोलका वाटतो, कारण त्यासोबत दुरुस्तीचा सारा भार येत होता.

प्रतिसाद 2: ब्रिटिश नोंदणीत जहाजाची मालकी 64 हिश्श्यांत विभागलेली असते. त्यामुळे जुन्या नोंदवह्यांत हिस्सेदार आणि गहाणखतेही सापडतात. जहाजाचा अधिकृत क्रमांक मुख्य तुळईवर कोरलेला असतो. जुन्या बार्जच्या माल ठेवायच्या खणात उतरून, रंगाच्या थरांखाली बोटांनी ते खोल अंक चाचपले की कागदावरचे जहाज आणि समोरचे जहाज एकच असल्याची खूण पटते. म्हणून माझ्या मते ओळख ठरते ती नोंदणीच्या सातत्यावर, आणि जुना आकार जपण्यावर. फळ्यांच्या वयावर नव्हे.

प्रश्नकर्ता: पण धक्क्याला बांधून, जपून ठेवलेली बार्ज इतकी खराब का होते?

प्रतिसाद 3: खारे पाणी लाकूड टिकवते, कुजवते ते पावसाचे गोडे पाणी. डेकच्या सांध्यांतून झिरपून ते बरगड्यांच्या (फळ्यांना आतून आधार देणाऱ्या वाकड्या तुळयांच्या) माथ्याशी साचते, आणि वापर थांबला की हवा खेळत नाही. बाहेरून फळी धडधाकट दिसते, पण टोच्या लावला तर मुठीपर्यंत आत जातो. शिवाय लोखंडी खिळे गंजून भोवतालचे ओक लाकूड काळे पडते. त्यामुळे वरवरचे ठिगळ निरुपयोगी ठरते. आकार ढळू नये म्हणून बार्जला आधार देऊन बरगड्या एकेक करून बदलाव्या लागतात. ‘कॅम्ब्रिया’चे हे काम फॅव्हरशॅम येथे झाले आणि 2011 मध्ये ती पुन्हा पाण्यात उतरली, तीही इंजिन न बसवता.