शिधा की शिदोरी, इसार की अनामत? ईस्टरच्या सहलीची यादी मराठीत लिहिताना

काटकोन:
म्युनिकमधले सहा मराठी विद्यार्थी, गुड फ्रायडे ते ईस्टर मंडे अशी सहल. मुक्काम बायर्नच्या (बव्हेरियाच्या) डोंगरात १,४०० मीटरवरच्या एका ह्युटेत, म्हणजे लाकडी घरात. आचारी नाही, लाकडाची चूल, रांधायचं आपलं आपणच. सामानाची यादी आणि हिशेबाची वही मराठीत ठेवायची आहे, पण काही शब्दांवर गाडी अडली आहे. बरोबर न्यायचं खाणं ते शिधा की शिदोरी? जर्मन मालक दोन रकमा मागतो, आन्त्सालुंग आणि काउत्सिओन. दोन्हींना 'डिपॉझिट' लिहिलं तर वहीत घोळ होतो. आणि 'ह्युटेनश्लाफझाक', म्हणजे ह्युटेत आत शिरून झोपायची पातळ कापडी पिशवी, तिला मराठीत काय म्हणावं?

वरवंटा:
शिधा म्हणजे न शिजवलेलं. तांदूळ, डाळ, पीठ, तेल, मीठ, गूळ. देवळात किंवा भटजींना देतात तो शिधा, रेशनकार्ड ती शिधापत्रिका. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने 'आनंदाचा शिधा' दिला, त्यातही रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेलच होतं, लाडू नव्हते. शिदोरी म्हणजे घरून करून, बांधून घेतलेलं, वाटेत सोडून खायचं. तेव्हा तुमच्या दोन याद्या होतात. शुक्रवारी गाडीत खाल ती शिदोरी, पोचल्यावर चुलीवर चढेल तो शिधा.

हा फरक वहीपुरता नाही. गुड फ्रायडे, ईस्टरचा रविवार आणि सोमवार या तिन्ही दिवशी तिथली दुकानं बंद असतात. शनिवारी उघडतात, पण त्यासाठी डोंगर उतरून गावात यावं लागणार. म्हणून शिधा गुरुवारी संध्याकाळपर्यंत भरून झाला पाहिजे. बायर्नमध्ये बहुतेक दुकानं रात्री ८ ला शटर ओढतात, आणि त्या गुरुवारी रांगा दारापर्यंत येतात. शिदोरी मात्र शुक्रवारी सकाळी ताजी.

सीमेवरचा:
बेळगावकडे शिदोरीला 'बुत्ती'ही म्हणतात. शब्द कानडीशी सामाईक आहे, आणि दहीबुत्ती हा त्यातला सगळ्यात शहाणा प्रकार. भात गरम असतानाच दुधात कालवायचा, कोमट झाला की चमचाभरच दही. सकाळी कालवलेला भात दुपारपर्यंत बेताचा आंबट होतो. आधीच वाटीभर दही घातलं तर दुपारी तोंडात धरवत नाही. तिकडच्या थंडीत विरजण नीट लागणार नाही, भात गोडसरच राहील, पण खराब होणार नाही. एक मात्र पाळा: रात्रीचा भात पातेल्यात झाकून तसाच गरम ठेवू नका. भात बाधतो तो त्यातल्या जिवाणूंमुळे, आणि त्यांना ऊब आवडते. पसरून निववा आणि फ्रिजमध्ये टाका.

वरवंटा:
प्रवासाच्या शिदोरीत पहिला मान दशमीचा. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवतात, त्यामुळे जुन्या रिवाजात ती खरकटी धरत नसत. गूळ घातलेली दशमी थंडीत दोन दिवस सहज टिकते. धपाट्यात कांदा घातलात तर त्याच दिवशी संपवा.

हिशेबनीस:
आता पैशांकडे. आन्त्सालुंग म्हणजे भाड्यातला आधी भरलेला भाग. उरलेलं भाडं देताना तो वळता होतो. काउत्सिओन भाड्याबाहेरची रक्कम. काही मोडलं नाही, किल्ली परत दिली, की परत मिळते. पहिल्याला *इसार*, दुसऱ्याला *अनामत*. जमिनीच्या व्यवहारात इसारपावती करतात, आणि विकत घेणारा मागे फिरला तर सहसा इसार बुडतो. इथेही सहल रद्द केली तर बुडण्याची भीती आन्त्सालुंगलाच आहे, अटींचा कागद तेवढ्यासाठी वाचायचा. वहीत इसार 'खर्च' या बाजूला, अनामत 'येणे' या बाजूला. दोन्ही खर्चात टाकल्या तर अनामत परत आल्यावर ती ज्याने भरली त्याच्याच खिशात राहते आणि बाकीचे पाच विसरतात.

तिरकी रेघ:
इसार शब्द जमीनजुमल्याला शोभतो. चार रात्रींच्या भाड्याला 'आगाऊ रक्कम' पुरे.

हिशेबनीस:
चार दिवस, तीन रात्री. 'आगाऊ रक्कम' चालेल, पण त्यातून ती बुडू शकते हे कळत नाही. 'आगाऊ' नुसता लिहिलात तर नाव कोणाचं, असा प्रश्न येईल ते वेगळंच.

फडकरी:
इसार फक्त जमिनीचा नाही, बैल आणि धान्याच्या सौद्यालाही देतात. माणसं ठरवायची असली की मात्र शब्द बदलतो. बँडवाल्याला, मंडपवाल्याला *बयाणा*. तमाशाला *सुपारी*. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच यात्रेसाठी तिथे सुपारी द्यायला येतात. घर ठरवायला सुपारी दिली असं वहीत लिहू नका, जर्मनीत मराठी पोलीस नसला तरी.

तिरकी रेघ:
मग 'अनामत' तरी कुठे निर्मळ आहे? निवडणुकीत एकषष्ठांश मतं पडली नाहीत तर तीही जप्त होते.

हिशेबनीस:
होते, पण अट मोडली तर. एरवी रक्कम देणाऱ्याचीच. काउत्सिओनचंही तसंच आहे, म्हणून शब्द चपखल बसतो. अट काय आहे ते आधी विचारा. बहुतेक वेळा ती साफसफाईत अडकते: राख काढली नाही, सरपण भरून ठेवलं नाही, कचरा खाली नेला नाही. काही ठिकाणी 'एंडराइनिगुंग' म्हणून अखेरच्या सफाईचे पैसे वेगळे लावतात. ते पैसे भरले तरी भांडी आणि राख सहसा आपल्यालाच काढायची असते. आणखी एक ओळ 'कूरटाक्से'ची. माणशी दर रात्रीला आकारतात, त्याला आपल्याकडे 'यात्राकर' हा तयार शब्द आहे.

काटकोन:
इसार आणि अनामत पक्के. मग सहा जणांनी काढायची ती वर्गणी की कॉन्ट्री?

हिशेबनीस:
कॉलेजात कॉन्ट्री म्हणतात, तसंच लिहा, बिघडत नाही. पण *वर्गणी* आणि *वाटणी* वेगळ्या ठेवा. वर्गणी आधी आणि सगळ्यांची सारखी: शिधा, सरपण, घरभाडं. वाटणी नंतर, ज्याने जे वापरलं त्याप्रमाणे. रेल्वेचं तिकीट वाटणीत घाला. बायर्न तिकीट म्हणजे राज्यातल्या स्थानिक गाड्यांचं एका दिवसाचं गटाचं तिकीट, त्यावर पाचच जण बसतात, सहावा बाहेर राहतो. तुमच्यातल्या ज्यांच्याकडे डॉइचलांडटिकेट (देशभराचा मासिक पास) आहे त्यांना स्थानिक गाड्यांना वेगळं तिकीट लागतच नाही, त्यांच्याकडून गाडीभाड्याची वर्गणी घेणं अन्याय. बायर्न तिकीट एरवी कामाच्या दिवशी सकाळी ९ नंतर चालतं, गुड फ्रायडेला सुट्टी असल्यामुळे पहाटेपासून चालेल. प्रवाशांची नावं तिकिटावर असावी लागतात. दोन्ही तिकिटं आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत चालत नाहीत.

आणि एकाने दुसऱ्याचे भरले तर ते *उसने*, उधार नव्हे. उधारी दुकानदाराची.

चूलखंड:
शिध्याची मापं कोणी दिली नाहीत, म्हणून. सहा जण, रात्रीची तीन जेवणं: तांदूळ माणशी ८० ग्रॅम धरून दीड किलो, डाळ माणशी ४० ग्रॅम धरून पाऊण किलो. पोहे एका न्याहारीला सव्वाचारशे ग्रॅम. डाळ तुरीची न नेता मुगाची किंवा मसुराची न्या. १,४०० मीटरवर पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळतं, आणि त्या चुनखडीच्या डोंगरांतलं पाणी जड असतं. दोन्हींमुळे तूर तासभर उकळूनही दाण्यादाण्याची राहते. तूरच हवी असेल तर कुकर न्या. हॉस्टेलच्या इंडक्शनवर न चालणारा साधा ॲल्युमिनियमचा कुकर लाकडाच्या चुलीवर उत्तम चालतो, फक्त आच झटक्यात कमी करता येत नाही. चुलीच्या वरच्या लोखंडी पत्र्याचा मधला भाग सगळ्यात तापतो. पहिली शिट्टी झाली की कुकर कडेला सरकवायचा, आग विझवत बसायचं नाही.

शब्द म्हणून: *सरपण* सगळ्या जळणाला, पेटवायला *ढलप्या* आणि काटक्या, मग जाड *ओंडके*. थेट ओंडके पेटवायला गेलात की नुसता धूर. धुराड्याची *झडप* पेटवताना पूर्ण उघडी. निखारे लाल असताना ऊब राहावी म्हणून ती बंद करून झोपणं जिवावर बेततं, कारण तेव्हा कार्बन मोनॉक्साइड खोलीत साठतो आणि त्याला वास नसतो. राख पत्र्याच्या बादलीत काढा. वरून थंड दिसली तरी आत विस्तव असतो, प्लास्टिकच्या डब्याला भोक पडतं.

वरवंटा:
तुपाबद्दल एक सांगायचं राहिलं. भारतातून येणाऱ्या कोणाकडून तूप, पेढे, खवा मागवू नका. युरोपीय संघाबाहेरून सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, कढीपत्त्यालाही वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला चालतात. तूप तिथल्या बिनमिठाच्या लोण्याचं कढवा: २५० ग्रॅमच्या पाकिटाचं साधारण २०० ग्रॅम निघतं.

काटकोन:
ह्युटेनश्लाफझाक राहिला. कोणी 'वळकटी' सुचवली आहे.

सुईदोरा:
वळकटी म्हणजे गुंडाळलेलं अंथरूण, त्यात गादी-चादर सगळं आलं. हा तर नुसता पातळ कापडाचा पिशवा. आत शिरून झोपायचं, अंगावर तिथलीच ब्लँकेटं. ती रोज धूत नाहीत म्हणून डोंगरी संघटनांच्या ह्युट्यांमध्ये हा सक्तीचा असतो. उशीला, रजईला आपण घालतो ती *खोळ*. इथे ती माणसाला घालायची. 'झोपायची खोळ' लिहा, यादी वाचणाऱ्याला नेमकं काय आणायचं ते कळेल.

विकत घ्यायची गरज नाही. १५० × २२५ सेंटिमीटरची सुती एकेरी चादर लांबीत दुमडा, ७५ रुंदीची पिशवी होते. तळ पूर्ण शिवा, बाजूची शिवण तळापासून १४० पर्यंतच आणा, वरची उघडी ठेवा म्हणजे आत-बाहेर होता येतं. शिवण संपते तिथे दोनदा उलट टाका, पहिल्या रात्री तिथेच उसवते. उशी आत घ्यायची असेल तर चादर २४० लांबीची बघा. टेरिकॉट नको, घाम धरतं.