विजय अय्यर त्रयी: तबल्याच्या कानाने जॅझ ऐकावं का?

मध्यलय

जॅझ ऐकायचंय, सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की हमखास ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचं नाव पुढे येतं. माझं मत वेगळं आहे. ज्यांचे कान ख्याल आणि तबल्यावर पोसलेत, त्यांनी थेट भारतीय वंशाचा अमेरिकी पियानिस्ट विजय अय्यर याच्या पियानो त्रयीपाशी यावं. मी 'कम्पॅशन' (२०२४) आधी ऐकला, मग मागे जाऊन 'अनईझी' (२०२१). दोन्ही अल्बम ईसीएम या रेकॉर्ड कंपनीचे. पियानोवर अय्यर, डबल बासवर लिंडा मे हान ओह, ड्रम्सवर टायशॉन सोरी.

कारण एकच, लय. इथे ड्रमर नुसता ठेका धरून बसत नाही. सोरी सारखा हुलकावण्या देतो, ओह जमीन सोडत नाही आणि पियानो त्या दोघांमधून वाट काढतो. 'अनईझी'तलं 'ड्रमर्स साँग' ऐका. एक आकृती लेहऱ्यासारखी, म्हणजे तबला सोलोमागे पेटी-सारंगीवर वाजणाऱ्या धूनेसारखी, फिरत राहते आणि सगळी इमारत तिच्यावर उभी राहते. ज्याने तबला सोलो ऐकलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. गुणगुणता येईल अशी चाल हवी असेल तर 'कम्पॅशन'मध्ये स्टीव्ही वंडरचं 'ओव्हरजॉइड' आहे.

अनवट

असहमत. आडनाव अय्यर नसतं तर तुम्हाला लेहरा आठवला असता का?

'ड्रमर्स साँग' मुळात अय्यरचं नाहीच, जेरी अ‍ॅलनचं आहे. डेट्रॉइटमध्ये वाढलेली थोर पियानिस्ट, २०१७ साली गेली. तुमच्या अख्ख्या पोस्टमध्ये तिचं नाव नाही, लेहरा मात्र आहे! अय्यरची सांगीतिक वंशावळ थेलोनियस मंक, अँड्र्यू हिल या पियानिस्टांकडे जाते. उमेदवारीच्या काळात तो सॅक्सोफोनवादक स्टीव्ह कोलमनबरोबर वाजवत होता. १९९८ साली बर्कलीला त्याने डॉक्टरेट केली तीही पश्चिम आफ्रिकी आणि आफ्रिकन-अमेरिकन संगीतातली लय शरीरातून कशी घडते, यावर. 'अनईझी'तलं 'कॉम्बॅट ब्रीदिंग' २०१४ सालचं, पोलिसांच्या हातून कृष्णवर्णीय मरत होते त्या निषेधाच्या दिवसांतलं. 'चिल्ड्रन ऑफ फ्लिंट' म्हणजे मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात नळाच्या पाण्यातून शिसं प्यायलेली मुलं. एवढं सगळं समोर असताना त्यात 'आपलं' काय ते हुडकत बसायचं, ही आपली जुनी खोड.

अमेरिकेतला एखादा समीक्षक त्याच्या वादनात 'भारतीय गणित' शोधतो तेव्हा आपण हसतो. तुम्ही वेगळं काय केलंत?

पेटीकर

तुम्ही दोघं लयीवरच अडकलात. मला ही त्रयी थंड वाटते, त्याचं काय? गणित-भौतिकशास्त्र शिकलेला माणूस, 'हिस्टॉरिसिटी' या अल्बममध्ये (२००९) रॉनी फॉस्टरचं 'मिस्टिक ब्रू' घेतो आणि त्याचे लहान-मोठे तुकडे फिबोनाचीच्या आकड्यांवर (प्रत्येक आकडा आधीच्या दोनांची बेरीज) बेततो. हुशारी आहे, मान्य. पण पियानिस्ट बिल इव्हान्सच्या त्रयीचं १९६१ चं, न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमधलं रेकॉर्डिंग लावा. मागे पेल्यांची किणकिण ऐकू येते, लोक बोलताहेत, आणि हा माणूस आपल्याच नादात वाजवतोय. माणूस दिसतो तिथे. ईसीएमच्या काचेसारख्या स्वच्छ ध्वनिमुद्रणात मला कुणी दिसत नाही.

मध्यलय

@अनवट, जेरी अ‍ॅलनचं नाव राहिलं, ते यायलाच हवं होतं. पण मी उगम सांगत नव्हतो, आत शिरायचं दार सांगत होतो. आणि आडनावाचंच म्हणाल तर अय्यरने स्वतःच २०११ मध्ये 'तीर्थ' हा अल्बम काढला. प्रसन्नाची गिटार, नितीन मित्ताचा तबला. मग मी तबल्याचं नाव काढलं तर एवढं काय?

अनवट

'तीर्थ' हा तर माझाच मुद्दा. जिथे तबला हवा होता तिथे त्याने तबला घेतला. या त्रयीत घेतला नाही.

सुलभाताई_ठाणे

अनवटराव, जरा दमाने. १९७८ च्या जॅझ यात्रा महोत्सवात, मुंबईच्या रंगभवनला, सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स ऐकला तेव्हा मला ब्लूज कशाशी खातात तेही ठाऊक नव्हतं. आमच्या रांगेत सगळे भीमसेन-किशोरीताईंचे श्रोते. रोलिन्सने एक तुकडा उलटापालटा करून पुन्हा मूळ जागी आणला की आम्ही समेवर आल्यासारखी दाद द्यायचो. शेजारची परदेशी मंडळी वळून बघत होती. बघू देत! आधी इतिहासाची परीक्षा द्या मग आत या, असा नियम असता तर आमच्यातलं कुणीच तिथे पोचलं नसतं. मंक, एलिंग्टन, सगळं नंतर आलं, आणि ते मी आवडीने शोधलं.

सोरीला २०२४ चं संगीताचं पुलित्झर पारितोषिक मिळालं ते कुणी लिहिलं नाही अजून. नुसता ड्रमर नाही तो, संगीतकार आहे. 'हुलकावण्या' म्हणून त्याची बोळवण करू नका.

अनवट

ताई, तुम्ही नंतर शोधलंत. बहुतेक जण 'आपल्या तालासारखं आहे' म्हणून खूश होतात आणि तिथेच थांबतात. ज्यांच्या दुःखातून हे संगीत आलं त्यांची नावंही त्यांना कळत नाहीत. दार कुठलंही चालेल, हे मला मान्य नाही. बाकी सोरीबद्दल +१.

पेटीकर

'ओव्हरजॉइड' दोनदा ऐकलं. चाल छान आहे, पण ती स्टीव्ही वंडरची. 'अनईझी'तलं 'नाइट अँड डे'ही आवडलं, ते कोल पोर्टरचं. अय्यरचं स्वतःचं असं एखादं सांगा, ज्यात गणित ऐकू येत नाही. इव्हान्स बंद करून ऐकेन.

मध्यलय

'चिल्ड्रन ऑफ फ्लिंट'. रात्री हेडफोन लावून. लेहऱ्याबद्दल चकार शब्द काढणार नाही, अनवट वाचतायत.