अनुभव धागा : शेवटची चौकट कापून आणणारे सर

आमचे चित्रकलेचे सर गेल्या महिन्यात गेले. दिवसा शाळा, संध्याकाळी सदाशिव पेठेतल्या माडीवर क्लास, रात्री एका साप्ताहिकासाठी चित्रपट्टी. त्यांच्याबद्दल जे आठवेल ते लिहा. सुरुवात मी करते.

१९९१ साली ‘सकाळ’मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ‘चिंटू’ ही चित्रपट्टी सुरू झाली, तेव्हा मी सहावीत होते. सर कात्रण आणायचे, पण शेवटची चौकट कापून. “आता तुम्ही संपवा.” आमचा चिंटू दर वेळी मार खायचा. सर वैतागायचे, “अरे, त्याच्या आईला दुसरी कामं नाहीत का?” घरी पेपर बघायचा नाही, अशी शपथ होती. मी बघायचे.

*

मी माडीवरचा. पट्टी छापायच्या दुप्पट मापात काढायची. “लहान झाल्यावर मिशीचे केस एकमेकांना चिकटतात. पाच काढ, दहा नको.” आखणी फिकट निळ्या पेन्सिलीने, कारण ब्लॉकवाल्याच्या, म्हणजे छपाईचा ठसा बनवणाऱ्याच्या कॅमेऱ्याला ती रेघ दिसत नाही, खोडायचं काम वाचतं. मग टाक आणि काळी शाई. टाक पुसायला जुन्या सुती साडीचाच तुकडा हवा, दुसरं फडकं दिलं की ओरडायचे.

*

सगळे गोडगोड लिहिताय. इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेत भूमितीत मी आपटलो, कारण तो भाग आमचा झालाच नाही! आख्खा महिना गेला व्यंगचित्रकार शि. द. फडणिसांची गणिताच्या पाठ्यपुस्तकातली चित्रं ‘वाचण्यात’. शब्द नसताना हसू कुठून येतं ते शोधा म्हणे. घरी बोलणी मी खाल्ली. आता भोसरीत यंत्रांची माहितीपत्रकं करतो. परवा अर्धं पान मजकूर उडवून नुसता स्क्रू पिळणारा हात काढला. हे त्यांचंच, नाइलाजाने कबूल.

*

मी खालच्या मजल्यावर राहते. पट्टी बंद केल्याचं त्या साप्ताहिकाने साधं कळवलंही नाही. अंक आला, तर त्या जागी साबणाची जाहिरात. सर दोन दिवस गप्प. मग दर मंगळवारी नवी पट्टी काढून जिन्यात खिळ्याला अडकवायला लागले. दूधवाला वर जाऊन सांगायचा, “सर, आजचं कळलं नाय.” की सर ती उतरवून पुन्हा काढायचे. उतरवलेल्यांची एक पिशवी माझ्याकडे आहे. कुणाला बघायच्या असतील तर शनिवारी या, चारनंतर.