मदत हवी आहे: कॉलेजांसाठी लीड काढायचं काम, मन लागत नाही

तीन महिने झाले, कॉलेजांना लीड (म्हणजे प्रवेश घेऊ शकतील अशी माणसं) पुरवणाऱ्या कॉल सेंटरमध्ये आहे. यादीतले बरेच जण नोकरी शोधताना फॉर्म भरलेले. खालची बारीक अक्षरातली 'फोन चालेल' ही टिक कोण वाचतंय! फोन उचलला की विचारतात, "मुलाखत कधी आहे?" स्क्रिप्टप्रमाणे आपण शिक्षणाचा विषय काढायचा, 'हो' म्हणाले की कॉल थेट कॉलेजच्या समुपदेशकाला जोडायचा. जोडलेलाच कॉल मोजतात, बाकी दिवसभराची बडबड फुकट.

काल एक बाई म्हणाल्या, "ताई, मला कामच हवंय हो." तरी जोडला मी. टीम लीडर म्हणतो, सवय होईल. (तीच तर भीती.)

हे काम केलेलं कोणी आहे का इथे? 'हा नोकरीसाठीचा फोन नाही' हे सुरुवातीलाच सांगून टार्गेट निघतं का?