एकजूट म्हणजे दानधर्म नव्हे

खडूफळा (धागाकर्ता)

'उलटतपासणी' यांचा परवाचा लेख वाचून गप्प बसवलं नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: एकजूट हा दयेचाच नवा अवतार आहे, ज्याला द्यायचं तो देईल, बाकीच्यांच्या गळ्यात हे तत्त्व बांधू नये, आणि सरकारी विमा, पेन्शन आल्यावर त्याची गरजही उरलेली नाही. खाली सगळ्यांनी '+१'चा रतीब घातलाय. प्रतिसादात मावणार नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

दया करणाऱ्याला कोणी जाब विचारू शकत नाही. आज दिलं, उद्या नाही दिलं, त्याची मर्जी. एकजुटीत, म्हणजे इंग्रजीतल्या 'सॉलिडॅरिटी'त, समोरच्याचा तुमच्यावर हक्क असतो. या कल्पनेचं मूळ प्रेमात नाही, कर्जात आहे. रोमन कायद्यात अनेकांनी मिळून सामाईक कर्ज घेतलं की धनको त्यांतल्या कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शके. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच विचारवंतांनी ही वकिली कल्पना उचलून अख्ख्या समाजाला लावली. पिएर लेरू यांनी १८४० मध्ये दानधर्माच्या जागी माणसामाणसांतली एकजूट ठेवा असं मांडलं. १८९६ मध्ये लेओं बूर्ज्वा यांनी तर हिशेबच घातला: आधीच्या पिढ्यांनी करून ठेवलेलं सगळं आपण वापरतो, म्हणजे प्रत्येक जण जन्मतःच समाजाचा ऋणी, ज्याला जास्त मिळालं त्याचं ऋणही जास्त. हे गृहस्थ नुसते लेखक नव्हते. १८९५-९६ मध्ये ते फ्रान्सचे पंतप्रधान होते आणि उत्पन्नावर कर बसवायला निघाल्यावर सिनेटने त्यांचं सरकार जेरीला आणलं. तो कर पुढे १९१४ मध्ये आला. दयेवरून एवढी भांडणं होत नाहीत.

आता पोलंडमधलं ग्दान्स्क शहर. ऑगस्ट १९८०. लेनिन जहाजबांधणी कारखान्यात आन्ना वालेन्तिनोविच या क्रेनचालक बाईंना निवृत्तीला काही महिने उरले असताना काढून टाकलं, म्हणून १४ तारखेला संप सुरू झाला. १६ तारखेला व्यवस्थापन नमलं. पगारवाढ मिळाली, बाईंना परत घ्यायचं ठरलं, लेक वालेसा यांनी संप संपल्याचं जाहीर केलं आणि माणसं घरी निघाली. पण शहरात ठिकठिकाणी लहान कारखान्यांतले लोक याच संपाच्या जोरावर बाहेर पडले होते, त्यांच्या पोटात गोळा आला. ट्राम चालवणाऱ्या हेन्रिका क्शिवोनोस यांनी तिथेच सुनावलं की तुम्ही आम्हाला सोडलंत तर आम्ही चिरडले जाऊ. मग वालेन्तिनोविच, परिचारिका आलिना पिएन्कोव्स्का आणि आणखी काही बायका फाटकांकडे धावल्या आणि मिळेल त्याला थांबवू लागल्या. बरेच जण निघून गेले. जे थांबले त्यांनी रात्रीतून सगळ्या कारखान्यांची मिळून एक समिती केली, २१ मागण्या लिहून काढल्या, आणि ३१ ऑगस्टला सरकारला करारावर सही करावी लागली. यातूनच 'सॉलिडॅरिटी' ही कामगार संघटना उभी राहिली आणि पुढे तिचे सुमारे एक कोटी सभासद झाले.

थांबलेल्यांच्या पदरात आधीच सगळं पडलं होतं. तरी ते थांबले, कारण ट्रामवाल्या बाईंचा त्यांच्यावर हक्क होता. यात दया कुठे आहे ते दाखवा.

उलटतपासणी

माझ्या लेखातला निम्मा भाग गाळून वाद घातलाय, तरी उत्तर देतो.

ग्दान्स्कची गोष्ट तुम्ही सोयीच्या जागी थांबवलीत. १९८९ मध्ये त्याच चळवळीतून सरकार आलं. जानेवारी १९९० पासून त्याच सरकारने अर्थमंत्री बाल्त्सेरोविच यांच्या खुल्या बाजाराच्या सुधारणा लागू केल्या आणि पोलंडमध्ये बेकारी झपाट्याने वाढली. तो जहाज कारखाना १९९६ मध्ये दिवाळखोरीत गेला. तेव्हा फाटकावर कोण धावलं?

दुसरी गोष्ट तुम्ही काढलीच नाहीत. १९२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत रँड या भागातल्या खाणींत गोऱ्या कामगारांनी संप केला, कारण मालक कमी मजुरीवर काळ्या कामगारांना त्यांच्या जागी आणणार होते. त्या संपातला फलक इतिहासात नोंदला गेलाय: 'जगातल्या कामगारांनो, एक व्हा आणि गोऱ्या दक्षिण आफ्रिकेसाठी लढा.' अमेरिकेत चिनी मजुरांना देशाबाहेर ठेवणारा १८८२ चा कायदा रेटण्यात कामगार संघटना पुढे होत्या. एकजूट होते ती कोणाच्या तरी विरुद्धच. आत कोण आणि बाहेर कोण हे आधी ठरतं, हक्काबिक्काच्या गोष्टी नंतर.

आणि सामाईक कर्जाचं मला सांगू नका. माझे वडील एका सहकाऱ्याच्या कर्जाला जामीन राहिले होते. तो नोकरी सोडून गेला, पत्ताही बदलला. हप्ते वडिलांच्या पगारातून कापले जाऊ लागले. घरात पैसा पुरेना, थोरल्या बहिणीचं शिक्षण थांबलं आणि ते पुन्हा सुरू झालंच नाही. वडिलांच्या संघटनेत दर सभेला एकीच्या घोषणा व्हायच्या. त्यांतल्या एकानेही एक हप्ता उचलला नाही. तुमचं रोमन तत्त्व आमच्या घराने भोगलंय.

निवांत नाही

जामीनकीचं वाचून वाईट वाटलं. पण 'विमा आला, आता एकजुटीची गरज नाही' हे वाक्य मला सोडवत नाही. अहो, विमा कशाच्या जोरावर चालतो? जर्मनीत बिस्मार्कने १८८३ मध्ये आजारपणाच्या विम्याचा कायदा केला. समाजवाद्यांवर १८७८ पासून बंदी होती आणि कामगार त्यांच्याकडून फोडायचे होते, हा त्यातला डाव उघड आहे. पण त्या कायद्यात कामगार दोन तृतीयांश आणि मालक एक तृतीयांश वर्गणी भरत, आणि वर्गणी पगारावर ठरे, कोण किती आजारी पडेल यावर नाही. धडधाकट माणूस आजाऱ्यासाठी भरतो. हीच एकजूट, फक्त कायद्याने पक्की केलेली.

मला तरुणपणी दीर्घ आजार जडला. खासगी विमा कंपनीने अर्ज पाहताच नकार दिला, कारण तिच्या हिशेबात मी तोट्याचा. नोकरीतल्या सक्तीच्या योजनेने एक प्रश्न न विचारता उपचार केले. माझ्यासाठी कोणी अश्रू ढाळले नाहीत, त्याची मला गरजही नव्हती. मी आज जिवंत आहे तो अनोळखी लोकांच्या वर्गणीवर, आणि ती त्यांनी मर्जीने भरलेली नाही.

तिसरी घंटा

उलटतपासणी, मी पतसंस्थेत कर्जविभाग सांभाळतो, म्हणून जामिनाबद्दल बोलणं भाग आहे. जामीनदार नसेल तर ज्याच्याकडे घर नाही, सोनं नाही, त्याला कर्ज कोण देणार? राइफायझेन यांनी १८६४ मध्ये जर्मनीत हेडेसडॉर्फला शेतकऱ्यांची पतसंस्था काढली तेव्हा सगळे सभासद अमर्याद जबाबदारीने बांधलेले होते. संस्था बुडाली तर प्रत्येकाची सगळी मालमत्ता पणाला. म्हणून तर सावकारावाचून ज्यांचं पान हलत नव्हतं त्यांना कर्ज मिळालं. एकेकटा गरीब धनकोच्या दारात शून्य असतो.

तुमच्या वडिलांनी सही वाचून केली असणार. सहीला अर्थ असतो.

सांजवात

'सही वाचून केली असणार' हे फार सहज लिहिलंत. ज्या बायका बचत गटात सह्या करतात त्यांच्या घरी बसून पाहिलंय का कधी?

आमच्या गटात एकीचा हप्ता थकला की वसुलीवाला तिच्या दारात जात नसे. तो सगळ्यांना एकत्र बसवून ठेवी आणि रक्कम पुरी झाल्याशिवाय कोणी उठायचं नाही, असं सांगे. मुलं शाळेतून घरी आलेली, आम्ही तिथेच. मग राग कोणावर निघायचा? जिचा नवरा आजारी होता तिच्यावर. आम्हीच तिला नको नको ते बोललो. आधी एकमेकींच्या बाळंतपणाला धावणाऱ्या बायका आम्ही. त्या कर्जाने आमच्यातली जी एकी होती ती संपवली.

गटाला कर्ज देणाऱ्या बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेचं १९८३ पासूनचं कौतुक आणि २००६ चं नोबेल सगळ्यांना पाठ असतं. त्या नमुन्यावर ज्यांनी धंदा उभारला त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही.

तिसरी घंटा

मी तुमच्या वसुलीवाल्याचा वकील नाही. पण एखाद्याने गुंडगिरी केली म्हणून तत्त्वच टाकून द्यायचं का? आमच्याकडे थकबाकीदाराला मुदत वाढवून देतात, मी स्वतः कितीतरी वेळा संचालकांशी त्यासाठी भांडलोय. मला एका पंगतीला बसवू नका.

सांजवात

तुम्हाला कोणी बसवलं नाही. राइफायझेनचे सभासद एकाच गावचे, एकमेकांना ओळखणारे, आणि संस्थाही त्यांचीच. नफा-तोटा त्यांचाच. आमच्या बाबतीत जबाबदारी आमची आणि व्याज दुसऱ्याचं. या दोन्हींना तुम्ही एकच नाव देताय, याचा मला संताप येतो.

कोरा कागद

जामीनकीवरून जरा मूळ प्रश्नाकडे येऊ का? आत कोण आणि बाहेर कोण, हा कुंपणाचा मुद्दा कोणीच घेतला नाही.

रँडचा फलक खरा आहे आणि लाजिरवाणा आहे. पण कुंपण पाडणारेही त्याच परंपरेत आहेत. १९०५ मध्ये शिकागोला स्थापन झालेल्या जागतिक औद्योगिक कामगार संघटनेने रंग आणि वंश न बघता सभासद घेतले. त्याआधी १८६२ चं इंग्लंडमधलं लँकेशर घ्या, कापडगिरण्यांचा भाग. अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेची बंदरं अडवली गेल्याने कापूस येईना, गिरण्या बंद पडल्या, उपासमार. तरी ३१ डिसेंबरला मँचेस्टरच्या सभेने लिंकन यांना पत्र पाठवून गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याला पाठिंबा दिला. १९ जानेवारी १८६३ ला लिंकन यांनी आभाराचं उत्तर लिहिलं. ज्या गुलामांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं त्यांच्यासाठी ही माणसं उपाशी राहिली.

याच लँकेशरच्या भागात, स्टेलीब्रिजला, १८६३ मध्ये दंगल झाली. मदत समितीने रोख पैसे बंद करून चिठ्ठ्या द्यायचं ठरवलं, म्हणजे गरिबाने काय घ्यायचं हे देणाऱ्यांनी ठरवलं. धागाकर्ते दया आणि एकजुटीत जो फरक करतात तो तिथल्या मजुरांना पुस्तकाविना कळला होता.

आणि बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण काढल्याशिवाय आपण हे कसं बोलतोय? सामाजिक जीवनाला एकी आणि एकजूट देणारं तत्त्व म्हणजे बंधुता, असं त्यांनी तिथे सांगितलं, आणि ती नसेल तर समता नि स्वातंत्र्य हे रंगाच्या वरवरच्या थरापेक्षा खोल जाणार नाहीत, असा इशारा दिला. माणसं वेगवेगळ्या कप्प्यांत कोंडलेली असतील तर प्रत्येक कप्प्यात एकजूट भरपूर असते. ती रँडवरही होती.

उलटतपासणी

लँकेशर सरसकट उत्तरेच्या, म्हणजे लिंकन यांच्या, बाजूने नव्हतं. दक्षिणेला मान्यता द्या म्हणणारे मजूरही तिथे होते. उपाशी माणसाला निवड असते हे म्हणणं सोपं आहे.

कप्प्यांचा मुद्दा मात्र मान्य. उलट तो माझाच मुद्दा आहे.

'निवांत नाही' यांचं एक मी मान्य करतो, नाइलाजाने. सक्तीच्या वर्गणीला मी लेखात दया म्हटलं, ते तिथे बसत नाही. पण तिला वरची मर्यादा असते, पगारावर ठरलेली. कोणाच्या मुलीचं शिक्षण त्यापायी थांबत नाही. जामीनकीला ती मर्यादा नव्हती.

खडूफळा

हे आधीच म्हणाला असतात तर धागा काढावा लागला नसता. मर्यादा हवी, ती सगळ्यांनी मिळून ठरवलेली हवी आणि ओझं एका घरावर पडता कामा नये. बूर्ज्वा यांचं भांडण याचसाठी होतं. समाजशास्त्रज्ञ दुर्खीम यांनी १८९३ मध्ये जे मांडलं तेही इथे लागू पडतं: एकसारख्या माणसांची एकी वेगळी, आणि वेगवेगळी कामं करून एकमेकांवर अवलंबून असलेल्यांची वेगळी. पहिली घोषणांवर तगते. दुसरीला करार, नियम, न्याय लागतो. तुमच्या वडिलांच्या संघटनेकडे पहिलीच होती. कंत्राटी माणसांना सभासद करा म्हणून मी आमच्या संघटनेत वर्षानुवर्षं ओरडतोय आणि आमचेच कायम कामगार मला बैठकीत बोलू देत नाहीत, त्यामुळे हे मला नवीन नाही.

तिसरी घंटा

उलटतपासणी, एक विचारतो, राग मानू नका. जामीनदाराने कर्ज फेडलं की मूळ कर्जदाराकडून ते वसूल करण्याचा हक्क त्याला मिळतो. तुमच्या वडिलांनी दावा लावला होता का?

उलटतपासणी

नाही. आईने खूप सांगितलं, पण ते तयार झाले नाहीत. तो त्यांचा मित्र होता आणि त्याच्यावर काय वेळ आली असेल हे मला ठाऊक आहे, एवढंच म्हणायचे. तुम्ही याला एकजूट म्हणाल. माझी बहीण म्हणत नाही.

खडूफळा

मीही म्हणणार नाही. वडिलांनी मित्राला सांभाळलं, आणि वडिलांना सांभाळायचं काम ज्या संघटनेचं होतं तिने ते केलं नाही. त्या सहकाऱ्यांकडे हप्त्याची वाटणी मागण्याचा त्यांना हक्क होता.

उलटतपासणी

हक्क होता तर तो कुठे मागायचा होता? संघटनेच्या कोणत्या नियमात होता? ट्रामवाल्या बाई सगळ्यांसमोर बोलू शकल्या कारण सभा भरलेली होती. माझे वडील घरात बसून पगाराची पावती बघत होते. याचं उत्तर द्या, मग पुढे बोलू.