मदत हवी आहे: झोनमाइंडर १.३२ वरून १.३६ वर कसं जावं?

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीचे आयपी कॅमेरे एका जुन्या डेस्कटॉपवर झोनमाइंडर या कॅमेरा-रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरने चालतात. ऑपरेटिंग सिस्टिम उबुंटू २०.०४, झोनमाइंडर तिच्याच रिपॉझिटरीतलं (सॉफ्टवेअरच्या साठ्यातलं) १.३२, रॅम ४ जीबी. २०.०४ चा मोफत सपोर्ट २०२५ मध्येच संपला, म्हणून २२.०४ आणि झोनमाइंडर १.३६ वर जायचंय.

घोळ इथे आहे. रेकॉर्डिंग वेगळ्या हार्डडिस्कवर आहे, पण नुसती डिस्क नव्या इन्स्टॉलला जोडून भागत नाही. कुठलं फुटेज कुठल्या फोल्डरमध्ये, कोणत्या कॅमेऱ्याचं, ही नोंद मायएसक्यूएलच्या 'झेडएम' डेटाबेसमध्ये असते. तेव्हा जागच्या जागी अपग्रेड करावा, की डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) घेऊन कोऱ्या २२.०४ वर चढवावा आणि मग डेटाबेस नव्या आवृत्तीजोगा करणारी झेडएमअपडेट स्क्रिप्ट चालवावी? मला दुसरा मार्ग बरा वाटतो. निदान जुनी सिस्टिम डिस्क काढून कपाटात ठेवता येईल, काही बिनसलं तर परत लावायची. पण डेटाबेसमधलं इव्हेंट्सचं (रेकॉर्ड झालेल्या क्लिप्सच्या नोंदींचं) टेबल अवाढव्य झालंय. जुने इव्हेंट आधी उडवले तर स्क्रिप्ट लवकर आटोपेल का?

दुसरं म्हणजे रॅम. १.३६ मध्ये बफरची (फ्रेम्स रॅममध्ये तात्पुरत्या ठेवायच्या जागेची) कमाल मर्यादा वेगळी ठरवता येते. एच.२६४ या व्हिडिओ फॉरमॅटचे कॅमेरे असून पासथ्रू रेकॉर्डिंग (व्हिडिओ पुन्हा एन्कोड न करता आहे तसा साठवणं) ठेवलं, तर ती मर्यादा किती ठेवता? की सरळ ८ जीबी करून घेऊ? (खजिनदार काका आधी कोटेशन मागतील!)

गेटचा कॅमेरा रात्री बंद ठेवता येणार नाही, त्यामुळे काम दिवसाच उरकायचंय. कुणी हा अपग्रेड केला असेल तर कोणत्या क्रमाने केला ते सांगा. लॉग हवे असतील तर टाकतो.