मदत हवी आहे: ४८व्या वर्षी फादर (चर्चचा धर्मगुरू) होता येईल का?

नमस्कार. मी सोलापूरचा, जन्माने कॅथलिक. टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, आई माझ्याजवळच.

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आमचे फादर आजाऱ्यांना कम्युनियन (प्रसादाची पवित्र भाकर) द्यायला निघतात, मी त्यांना गाडीवरून नेतो. एका चाळीत एक आजोबा आहेत. जन्म मागावर गेला, आता लकव्याने अंथरुणाला खिळलेत. एका हाताची बोटं तेवढी चादरीच्या काठावरून फिरत असतात, तुटलेला धागा शोधावा तशी. फादर पुढच्या घरी जायला उठतात आणि माझा पाय तिथून निघत नाही. दोन वर्षं हे चाललंय. घर रिकामं झालंय म्हणून असं वाटत असेल, अशी मनाची समजूत घातली. पण रात्रपाळीत माग धडधडत असतात तेव्हाही डोक्यात तेच. याला पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, म्हणायचं का?

एका धर्मसंघाला (एकत्र राहणाऱ्या व्रतस्थांच्या संस्थेला) फोन केला, वय ऐकताच त्यांनी विषय संपवला. प्रॉटेस्टंट शेजारी म्हणतो, "आमच्या पास्टरांना बायकामुलं आहेत, तुला कसली अडचण?" कॅथलिकांत तसं नसतं, हे त्याला ठाऊक नाही. विधुराला घेतात का? वयाची अट किती? मुलीला नोकरी लागेपर्यंत थांबू का? आमच्या फादरांशी अजून बोललेलो नाही, धीर होत नाही.

प्रतिसाद:
दादा, कॅथलिक चर्चच्या १९८३च्या कायद्यात याजकदीक्षेला, म्हणजे फादर होण्याच्या विधीला, किमान वय २५ सांगितलंय, कमाल वय नाही. वरची मर्यादा प्रत्येक धर्मप्रांत (एका बिशपच्या हाताखालचा प्रदेश), प्रत्येक संघ आपापली ठरवतो, म्हणून एका नकारावर खचू नका. विधुर असणं आड येत नाही. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून किमान ६ वर्षं अभ्यास असतो, तेव्हा पंचावन्न धरून चाला. रोमचं बेडा कॉलेज, जिथे फादर होण्याचं शिक्षण मिळतं, ते तर मोठ्या वयात येणाऱ्यांसाठीच आहे. सोलापूर पुणे धर्मप्रांतात येतं, शेवटी शब्द तिथल्या बिशपांचा. पण आधी तुमच्या फादरांना सांगा, पुढची वाट त्यांच्याकडूनच निघते. तुमच्यावर कोण अवलंबून आहे हे नक्की विचारतील. मुलीला अंधारात ठेवू नका.

मूळ लेखक:
मनापासून आभार. मुलीशी आज रात्रीच बोलतो, फादरांशी शुक्रवारी. आई ७६ वर्षांची आहे, तिला माझ्याशिवाय कुणी नाही. असं कुणी निभावलं असेल तर कृपया लिहा.